नंबर निघाला, डोळा राहिला

"डोळ्यांना तसं काही नाही हो, फक्त नंबर बघा." चष्म्याच्या दुकानात शिरणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच असतं. कऱ्हाडसारख्या तालुक्याच्या गावी ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून बसलं की ते दिवसातून किती वेळा ऐकावं लागतं, याला गणती नाही. बोलणाऱ्याला दोष देता येत नाही. दुकानाच्या पाटीवरच 'कॉम्प्युटरवर नंबर काढून मिळेल' असं ठळक लिहिलेलं असतं. पण या एका वाक्यात दोन समजुती दडलेल्या आहेत. नंबर निघाला म्हणजे डोळे तपासून झाले, ही पहिली. आणि नीट दिसतंय म्हणजे डोळा निरोगी आहे, ही दुसरी. पहिलीमुळे फार तर चष्म्याचे पैसे वाया जातात. दुसरीमुळे नजर जाऊ शकते, आणि गेलेली नजर पुष्कळदा परत येत नाही.

आधी माणसं ओळखून घेऊ, कारण गिऱ्हाईक आम्हाला सरसकट 'डॉक्टर' म्हणतं आणि आम्हीही ते ऐकून घेतो. काचा घासून फ्रेममध्ये बसवणारा, चष्मा नाका-कानावर बेतून देणारा तो ऑप्टिशियन. नजर मोजणारा, नंबर काढणारा आणि डोळ्यात रोगाची खूण दिसली तर पुढे पाठवणारा तो ऑप्टोमेट्रिस्ट. त्याची पदवी चार वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. 2021 च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला आरोग्यसेवेच्या यादीत रीतसर जागा दिली. आणि एमबीबीएसनंतर डोळ्यांचं वेगळं शिक्षण घेऊन निदान, औषधोपचार आणि शस्त्रक्रिया करणारा तो नेत्रतज्ज्ञ, म्हणजे खरा डॉक्टर. सरकारी ग्रामीण रुग्णालयात 'नेत्रचिकित्सा अधिकारी' अशी पाटी दिसते. त्यांचंही मुख्य काम नजर तपासणं आणि रुग्ण निवडून पुढे पाठवणं हेच. चष्मा कुणाला द्यावा यापेक्षा कुणाला देऊ नये हे ओळखणं आमच्या धंद्यात जास्त अवघड आहे, आणि त्याचे पैसे सहसा कुणी देत नाही.

आता तक्त्याकडे वळू. भिंतीवरचा अक्षरांचा तो तक्ता हर्मन स्नेलन या डच नेत्रतज्ज्ञाने 1862 साली उट्रेख्ट शहरात तयार केला, आणि दीडशेहून अधिक वर्षं झाली तरी जगभर तोच चालतो. 6/6 याचा अर्थ इतकाच: निरोगी नजरेला सहा मीटरवरून जी ओळ वाचता यावी, ती या माणसाने सहा मीटरवरून वाचली. त्या ओळीतलं अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं. 6/60 म्हणजे सगळ्यात वरचं एकटं मोठं अक्षर. निरोगी डोळ्याला ते साठ मीटरवरून ओळखता येतं, या माणसाला मात्र सहा मीटरवर यावं लागतं. खोली दहा फुटांची असेल तर तक्ता खुर्चीच्या मागे लावून समोर आरसा टांगतात, म्हणजे अंतर दुप्पट होतं. दुकानातला तो आरसा केस विंचरायला नसतो, हे सांगून सांगून आम्ही थकलो. अक्षरओळख नसलेल्या आजींसाठी चार दिशांना तोंडं केलेली ई ची आकृती असते. तोंड कुठे आहे ते हाताने दाखवायचं. मुलं मात्र तक्ता पाठ करतात. थोरल्या भावाची तपासणी चालू असताना मागे उभं राहून ऐकलेली ओळ धाकटा धडाधड म्हणून दाखवतो, म्हणून अक्षरं उलट्या क्रमाने विचारावी लागतात.

यात एक गोष्ट घरीही करण्याजोगी आहे. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव बेमालूम झाकतो. एका डोळ्याची नजर कित्येक वर्षांपासून अधू असल्याचं माणसाला पहिल्यांदा तपासणीच्या खुर्चीतच कळतं. घाबरून तो म्हणतो, "अहो, ह्या डोळ्यानं आत्ताच दिसेनासं झालं!" तसं नसतं, आत्ता पहिल्यांदा तो डोळा एकटा पडलेला असतो. तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर ठरावीक अंतरावरून महिन्यातून एकदा वाचावं. लांबचा चष्मा असेल तर तो लावून, आधी उजवा आणि मग डावा डोळा तळहाताने झाकून, पण न दाबता. काल दिसणारी तारीख आज एका डोळ्याला धूसर वाटली, किंवा खिडकीचे सरळ गज मध्येच वाकडे दिसू लागले, तर तो चष्म्याचा प्रश्न नाही. दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, मध्यभागाची तक्रार असू शकते. नेत्रतज्ज्ञ गाठायचा, तोही त्याच आठवड्यात.

समजा तक्त्यावर नजर कमी आली. आता हा दोष नंबरचा की रोगाचा? याचा पहिला अंदाज देणारं साधन म्हणजे मधोमध बारीक छिद्र असलेली काळी चकती. आम्ही तिला पिनहोल म्हणतो. एक डोळा झाकून दुसऱ्यापुढे ती धरायची. छिद्रातून प्रकाशाची अगदी बारीक शलाका आत जाते, त्यामुळे भिंगाने तिला वळवलं काय किंवा न वळवलं काय, पडद्यावर ती जवळजवळ एकाच बिंदूपाशी पडते. म्हणजे नंबरच्या दोषाने येणारा धूसरपणा या चकतीने तात्पुरता कमी होतो. चकतीतून दोन ओळी खालचं वाचता आलं, तर चष्म्याने फायदा होणार हे बहुतेक नक्की. चकतीतूनही सुधारणा नाही, किंवा उलट आणखी अंधुक दिसलं, तर गाडी थांबवायची. मोतीबिंदू, दृष्टिपटल, डोळ्याची नस, लहानपणचा आळशी डोळा, यांपैकी काहीतरी असावं. अशा माणसाला महाग काचेचा चष्मा विकणं म्हणजे त्याचे महिने वाया घालवणं. ज्या दुकानात नजर कमी येऊनही पिनहोल न लावता थेट फ्रेम दाखवायला घेतात, तिथून मी तरी उठून येईन.

मग तो कॉम्प्युटर काय करतो? हनुवटी टेकवून आत बघायला सांगतात, लांब रस्त्याच्या टोकाला रंगीत फुगा दिसतो, टिकटिक होते आणि कागदाची चिठ्ठी बाहेर येते. त्या यंत्राला ऑटोरिफ्रॅक्टोमीटर म्हणतात आणि ते चांगलं यंत्र आहे. पण त्याची चिठ्ठी हा कच्चा अंदाज आहे, चष्म्याचा नंबर नव्हे. विशेषतः लहान मुलं त्या फुग्याकडे बघताना तो जवळ असल्यासारखा डोळ्यावर ताण देतात, आणि यंत्र नसलेला किंवा असल्यापेक्षा जास्त उणे नंबर दाखवतं. म्हणून मुलांच्या डोळ्यांत थेंब घालून तो ताण सैल करावा लागतो आणि मग नंबर काढावा लागतो. पालक कंटाळतात, कारण थेंबांचा अंमल एक दिवस, कधी औषधानुसार आठवडा-दोन आठवडेही टिकतो आणि तोवर मुलाला वही अंधुक दिसते. तरीही मुलाचा पहिला चष्मा थेंब न घालता घेऊ नये.

खरी गंमत आहे ती रेटिनोस्कोपमध्ये. अंधाऱ्या खोलीत या हातातल्या उपकरणाची प्रकाशपट्टी बाहुलीवरून फिरवली की आतून तांबूस उजेड परत येतो. पट्टी सरकते त्याच दिशेने तो सरकला तर एक अर्थ, उलट सरकला तर दुसरा. मग डोळ्यापुढे एकेक भिंग धरत जायचं. ज्या भिंगाला उजेडाचं पळणं थांबतं आणि सगळी बाहुली एकदम उजळते, तिथे थांबायचं आणि आपण बसलो आहोत त्या अंतराचा हिशेब वजा करायचा. समोरच्याने एक अक्षरही बोलायची गरज नसते. सहा महिन्यांचं बाळ असो की बोलता न येणारा रुग्ण, त्याचा नंबर असा निघतो. बोलणाऱ्या माणसाला त्यानंतर जड चौकट नाकावर घालून "हे बरं की हे?" असं विचारत पाव-पाव नंबरने पक्कं करायचं. इथे एक सांगतो: "दोन्ही सारखंच दिसतंय" हे उत्तर पूर्णपणे बरोबर असतं. परीक्षा असल्यासारखं घाबरून काहीतरी एक निवडलं की नंबर बिघडतो.

हाती पडणाऱ्या चिठ्ठीचा अर्थ कळायला फार गणित लागत नाही. नंबर मोजण्याचं माप डायॉप्टर. एक भागिले नंबर केलं की मीटरमध्ये अंतर मिळतं. उणे दोन नंबरच्या डोळ्याला चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरपर्यंत स्पष्ट दिसतं, उणे चारच्या डोळ्याला पंचवीस सेंटिमीटरपर्यंत. त्यापुढचं सगळं धूसर. 'सिलिंडर' या शब्दाने लोक उगाच दचकतात. बुबुळावरचं पारदर्शक पटल, म्हणजे कॉर्निया, क्रिकेटच्या चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल असण्याऐवजी अंड्याच्या कुशीसारखा एका दिशेला जास्त वाकलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ. तो वाक कोणत्या दिशेला आहे ते अंशांत लिहितात, त्याला ॲक्सिस म्हणतात. दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, हेही मिलिमीटरमध्ये चिठ्ठीवर असायला हवं. काचेचा मध्य बाहुलीसमोर आला नाही तर नंबर बरोबर असूनही डोकं दुखतं, आणि नंबर जितका मोठा तितकी ही चूक जास्त बोचते. नवा चष्मा जड जातोय म्हणून लोक नंबरला शिव्या देतात. पुष्कळदा दोष बसवण्यात असतो. चिठ्ठी मागून घ्या. ती तुमची आहे, दुकानाची नाही.

मुलांच्या उणे नंबरबद्दल मात्र थोडं थांबून बोललं पाहिजे. जन्मतः डोळा पुढून मागे साधारण सतरा मिलिमीटर लांब असतो, मोठेपणी चोवीसच्या आसपास जातो. काहींचा डोळा त्याहून जास्त लांबतो आणि प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. एका मिलिमीटरची जादा लांबी म्हणजे अडीच-तीन नंबर. ही लांबी परत कमी होत नाही. त्यामुळे गाजर, डोळ्यांचे व्यायाम, अनवाणी गवतावर चालणं, तळपायाला तूप चोळणं यांपैकी कशानेही उणे नंबर उतरत नाही. 'चष्मा लावला की नंबर वाढतो' हे त्याहून घट्ट बसलेलं खूळ. आजी सांगते, "कमी नंबरचा दे, डोळ्याला सवय राहील." मलेशियात 2002 साली नेमकं हेच करून बघितलं होतं. मुद्दाम थोडा कमी नंबर दिलेल्या मुलांचा नंबर पूर्ण नंबर दिलेल्यांपेक्षा जास्त वेगाने वाढला.

नंबर लागूच नये यासाठी एका साध्या उपायाचा पुरावा मात्र चांगला आहे: दिवसाउजेडी घराबाहेर राहणं. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांमध्ये पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जादा मैदानावर काढलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या 30.4 टक्के मुलांना लांबचा नंबर लागला होता, नेहमीच्या वेळापत्रकातल्या मुलांमध्ये 39.5 टक्क्यांना. हा प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गात पाचशे लक्स उजेड असला तरी डोक्यावरून पाणी; बाहेर तो सहज दहा हजारांपुढे जातो, झाडाच्या सावलीतही वर्गाच्या कितीतरी पट असतो. ऊन लागेल म्हणून आपण मुलाला आत बसवतो, सातवीपासून सुट्टीतही क्लास लावतो आणि मग चष्म्याबद्दल मोबाइलला एकट्याला धरतो. ज्यांचा नंबर दर वर्षी पाऊण-एकने वाढतो आहे त्यांच्यासाठी आता अगदी सौम्य ॲट्रोपिनचे थेंब आणि खास काचा मिळतात, पण तो निर्णय नेत्रतज्ज्ञाचा.

तिरळेपणाबद्दल थोडक्यात, पण ठासून. 'थोडं तिरळं असलं की नशीबवान' असं म्हणत वाट बघू नये. एक डोळा तिरळा असेल किंवा दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असेल तर मेंदू एका डोळ्याचं चित्र बाजूला टाकू लागतो आणि तो डोळा आळशी राहतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा देऊन, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून तो सुधारण्याची शक्यता मोठी असते. पुढे ती झपाट्याने घटते. फोटोत बाळाची एक बाहुली पांढरी चमकत असेल तर त्याच दिवशी दवाखाना. डोळ्याच्या कर्करोगाची ती खूण असू शकते.

चाळिशीची गोष्ट सोपी आहे. डोळ्यातलं भिंग वयानुसार ताठर होत जातं आणि जवळ बघताना फुगायचं तेवढं फुगत नाही. सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारणं, तांदूळ निवडायला ओट्यावरून अंगणात येणं, मोबाइल हात लांब करून वाचणं, ही त्याची लक्षणं. लाजायचं कारण नाही, टाळून तर काहीच मिळत नाही. आसामच्या चहामळ्यांतल्या चाळिशीपुढच्या कामगारांना जवळचे साधे चष्मे दिले, तेव्हा त्यांची पानं खुडण्याची क्षमता चष्मा न दिलेल्यांपेक्षा 21.7 टक्क्यांनी जास्त वाढली, असं 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. शिवणकाम, भाजी निवडणं, बचत गटाची वही लिहिणं, सगळ्याला हेच लागू आहे. बाजारात टांगलेले तयार चष्मे वाईट का, असं लोक विचारतात. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल, सिलिंडर नसेल, तर जवळचं वाचायला ते चालतात. त्याने डोळे बिघडत नाहीत. माझा आक्षेप वेगळा आहे. तो चष्मा घेतला की माणूस चाळिशीतली पहिली डोळे-तपासणी चुकवतो, आणि नेमक्या त्याच वयापासून काचबिंदू शोधायचा असतो.

काचबिंदूबद्दल बोलायचं तर 6/6 या आकड्याचा भरवसा सोडूनच द्यावा लागतो. तक्ता वाचताना आपण नजरेचा फक्त मधला बारीक भाग वापरतो. काचबिंदू खातो तो आजूबाजूची नजर. डोळ्याच्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. बहुधा आतल्या दाबामुळे ते हळूहळू मरत जातात, दुखत नाही, लाल होत नाही, आणि मधलं अगदी शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. माणूस पेपर वाचतो, सीरियल बघतो, आणि दुचाकीवरून जाताना बाजूने आलेली म्हैस त्याला दिसत नाही. डोळ्याचा दाब सर्वसाधारणपणे 10 ते 21 मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, पण दाब मर्यादेत असतानाही काचबिंदू होऊ शकतो, म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही; नस पाहावी लागते, गरज पडली तर बाजूच्या नजरेचा आलेख काढावा लागतो. मेलेले तंतू परत येत नाहीत. थेंब असतात ते उरलेली नजर राखण्यासाठी, आणि ते बाटली संपली म्हणून बंद करायचे नसतात. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर तुमचा धोका कितीतरी जास्त. काचबिंदूचा एक प्रकार मात्र गाजावाजा करत येतो: डोळा लालभडक, असह्य डोकेदुखी, दिव्याभोवती रंगीत कडी, उलट्या. घरचे पित्त समजून सोडा-लिंबू देत बसतात आणि रात्रीत नजर जाते.

मोतीबिंदूचं उलटं. तो दिसतो, कळतो आणि काढता येतो. तरी 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण तोच निघाला, दर तीन अंधांमागे जवळजवळ दोघांत. त्याला एक फसवी वाट आहे. सत्तरीतले तात्या एक दिवस कौतुकाने सांगतात, "आता मला चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो!" सगळं घर खूष. प्रत्यक्षात भिंगाचा गाभा घट्ट होत चालल्याने डोळ्याला उणे नंबर येत असतो. जवळचं सुधारतं, लांबचं बिघडतं, आणि ही मौज काही महिनेच टिकते. तो मोतीबिंदूचा सांगावा असतो. 'पिकू द्या, मग काढू' हा सल्ला जुन्या काळच्या शस्त्रक्रियेचा. हॅरल्ड रिडली यांनी 1949 मध्ये लंडनमध्ये डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, चार्ल्स केलमन यांनी 1967 मध्ये ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेण्याची रीत आणली, आणि पिकण्याची वाट बघण्याचं कारण संपलं. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो आणि कधी आतला दाब वाढवून डोळाच घालवतो. रोजच्या कामाला अडू लागला की काढावा. थेंबाने विरघळणारा मोतीबिंदू अजून जन्माला यायचा आहे.

मधुमेह असलेल्यांना दोनच गोष्टी सांगतो. साखर वर-खाली झाली की भिंगात पाणी कमी-जास्त होतं आणि नंबर बदलतो. साखर चारशेवर असताना केलेला चष्मा ती आटोक्यात आल्यावर निरुपयोगी ठरतो, म्हणून आधी साखर काही आठवडे स्थिर, मग चष्मा. दुसरं, पडद्यावरच्या रक्तवाहिन्या गळू लागल्या तरी सुरुवातीला नजरेत काडीचा फरक पडत नाही. मधुमेह कळला त्याच वर्षी आणि पुढे दर वर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा, दिसतंय छान तरीही.

आमच्या कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्याची स्वतःची एक दुखणी-यादी आहे. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते. तोडणीच्या दिवसांत ती डोळ्याला घासून जाते, ओरखडा बारीक असतो, दोन दिवसांनी डोळा लाल, पाणी, उजेड सोसवत नाही. पिकांच्या काडी-पाचटातून बुरशी आत शिरते आणि कॉर्नियावर पांढरा डाग धरतो. लोक म्हणतात फूल पडलं. या घडीला तीन चुका होतात. कुणी मध, तूप, दूध किंवा आईचं दूध घालतं. कुणी जिभेने किंवा पदराच्या टोकाने कचरा काढणाऱ्याकडे नेतं. आणि कुणी औषधाच्या दुकानातून 'लाल डोळ्याचे थेंब' आणतं. तिसरी चूक सगळ्यात वाईट, कारण त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर एका दिवसात लाली उतरते, माणूस खूष होतो, आणि बुरशी मोकाट वाढते. महिनोन्महिने असेच थेंब घालणाऱ्यांना काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. 2023 च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आळंदीपासून राज्यभर पसरली, तेव्हाही हेच थेंब घरोघरी फिरले. डोळे आलेल्याकडे नुसतं बघून साथ लागत नाही. लागते ती हात, टॉवेल आणि उशीतून. स्वच्छ पाण्याने हात धुणं आणि आपला टॉवेल वेगळा ठेवणं, हेच तिथलं मुख्य औषध. दुखणं, अंधुक दिसणं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका असेल तर मात्र ती साधी साथ समजू नका.

आणि चुना. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची प्लॅस्टिकची पुडी रांगत्या-चालत्या मुलाच्या हाती खेळणं म्हणून लागते. ते ती दोन्ही हातांनी दाबतं, पुडी फुटते आणि चिळकांडी थेट डोळ्यात. चुना अल्क आहे. आम्लापेक्षा तो आत खोल शिरतो आणि मिनिटांत कॉर्निया पांढरा करतो. दवाखान्याची गाडी शोधण्याआधी मुलाला आडवं करून पापण्या बोटांनी उघड्या धरून नळाचं किंवा तांब्याचं पाणी निदान वीस मिनिटं सतत ओतत राहावं. पापणीच्या आत अडकलेले कणही धुऊन निघाले पाहिजेत. लिंबू पिळून 'चुना मारायला' जाऊ नये. मग दवाखाना. ज्या घरात तंबाखू मळली जाते तिथे चुन्याची पुडी औषधासारखी उंचावर ठेवावी, एवढं केलं तरी एखाद्या बाळाचे डोळे वाचतील.

मोबाइल-संगणकाने डोळे 'खराब' होतात का, हा सध्याचा लाडका प्रश्न. मोठ्यांच्या बाबतीत खरी अडचण पापण्यांची असते. एरवी मिनिटाला पंधराच्या आसपास मिटणाऱ्या पापण्या पडद्यासमोर पाच-सातवर येतात, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद बघा, मुद्दाम पापण्या मिटा, पंखा किंवा एसीचा झोत तोंडावर घेऊ नका. निळा प्रकाश अडवणारी काच मागायला तरुण मुलं हटकून येतात. 2023 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या संस्थेने अशा काचांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचा पुरावा मिळाला नाही. मी हे गिऱ्हाइकाला सांगतो, आणि दुकानमालक माझ्याकडे रोखून बघतो.

चष्म्याची निगा दोन ओळींत आटपते. काच कोरडी असताना पदराने, शर्टाच्या टोकाने पुसू नका, धुळीचे कण ओरखडे काढतात. आधी पाण्याखाली धरा, मग मऊ कापड. दोन्ही हातांनी काढा-घाला, म्हणजे काड्या फाकत नाहीत. काँटॅक्ट लेन्स नळाच्या पाण्यात कधीही धुऊ नये, ती घालून झोपू नये.

तपासणीला कधी जायचं? मुलाला शाळेत घालण्याआधी, तीन-चार वर्षांचं असताना एकदा. चष्मा लागलेल्या मुलाला दर वर्षी. चाळीस उलटलेल्याने तक्रार असो-नसो, वर्षा-दोन वर्षांनी. मधुमेहींनी आणि घरात काचबिंदू असणाऱ्यांनी दर वर्षी, न चुकता. डोळ्यासमोर अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस, विजेसारखी चमक किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी, कारण दृष्टिपटल सुटत असेल तर तास महत्त्वाचे असतात. पैशांची अडचण असेल तर सरकारी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत नजर तपासून मिळते, मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही सरकारी कार्यक्रमात मोफत होते. शाळेत आरोग्यपथक वर्षातून एकदा येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तरात विसरू नका.

येताना जुना चष्मा, त्याची चिठ्ठी, चालू गोळ्यांची यादी आणि ताजा साखरेचा रिपोर्ट घेऊन या. "फक्त नंबर बघा" म्हणण्याऐवजी "डोळे तपासा" म्हणा. आणि सोबत कुणालातरी आणा: बाहुली मोठी करायचे थेंब घातले की चार-सहा तास नीट दिसत नाही, गाडी स्वतः चालवत घरी जाता येणार नाही.